तपकिरीच्या मानेतला दाणा

कळस, ता. इंदापूर
२० जानेवारी २०२५

चि. अविराज,

आत्याचा आशीर्वाद घे. फोनवर तुझं माझं जमत न्हाय, कानाला लावला तरी नुसतं घूं घूं लागतंय, म्हनून ह्ये पत्र.

तपकीर शुक्रवारपास्नं घरी न्हाय. दादासाहेबाच्या पोरीच्या लग्नाची वरात व्हती. मला त्यो डीजे काय ऐकू येत न्हाय, पर फळीवरच्या ताटल्या हालाय लागल्या तवा कळलं. मंग दाराम्होरंच फटाक्याची माळ लावली. तपकिरीनं दावं तोडलं आन उसात शिरली. मी हाका मारल्या. तिनं वळून बघितलंबी आसंल, मला काय दिसलं न्हाय.

शेजारची रेश्मा रडाय लागली. मी तिला म्हनलं, रडतीस कशाला, माझ्या भाच्यानं कुत्रीच्या मानंत नंबराचा दाना बसवलाय. बारामतीच्या कँपात गेल्या सालीच. माझ्याकडं कार्ड हाय नंबराचं, देवाच्या फोटूमागं ठिवलंय. रेश्माला काढून दावलं तवा ती गप झाली.

तवा तुझ्या कॉम्प्युटरवर बघ आन तपकीर कुठं हाय त्ये कळीव. कुठं का आसंना, रेश्माचा दीपक मोटरसायकल घिऊन जातो म्हनतोय. मी घाबरले न्हाय. फकस्त घरात कोन आलं गेलं कळंना झालंय. लवकर लिव.

तुझी आत्या
बनाबाई

*

बारामती
२७ जानेवारी २०२५

ती. आत्या,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. वाचून काम सुचेना.

आधी एक सांगतो. चिप म्हणजे मोबाईल नव्हे. ती तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी असते. तिला बॅटरी नसते, आणि जनावर कुठं आहे ते ती सांगत नाही. हरवलेलं कुत्रं कुणी दवाखान्यात नेलं, मानेवरून मशीन फिरवलं, तर पंधरा आकडी नंबर दिसतो. त्या नंबरावर तुझं नाव आणि माझा फोन नोंदलेला आहे. तेवढंच तिचं काम.

म्हणून तू चिपेवर विसंबून राहू नकोस. दीपकला घेऊन जरा फिरून ये. निरवांगीच्या बाजूला बघ, शिवाय डाळज-भिगवणच्या हायवेला हॉटेलं आहेत, तिथं विचार. फटाक्याला भ्यालेलं कुत्रं सरळ पळत सुटतं, वीस-वीस किलोमीटर जातं. खरंच फिर. चिप आहे म्हणून घरी बसू नकोस.

मला यायचं होतं, पण डॉक्टर आठ दिवस परगावी आहेत आणि दवाखाना माझ्यावर आहे. जमलं की येतो.

तुझा
अविराज

*

कळस
३ फेब्रुवारी २०२५

चि. अविराज,

आशीर्वाद. तू नीट समजावून लिवलंस, आता मला समदं कळलं. म्हंजी तिला कुनीतरी मशीनपातूर न्यायला पायजे. न्हेतील की. तपकीर गुनी हाय, कुनाच्याबी दारात गेली तरी लोक हाकलनार न्हाईत.

दीपक म्हनला, आत्या, चला निरवांगीला जाऊन यिऊ. मी नको म्हनलं. पोराचा दिवस मोडायचा, पेट्रोल जाळायचं, आन त्या रानात कुठं बघायचं. दाना हाय, तर आज ना उद्या फोन येईल. तुला जरा काळजी जास्तच हाय, लहानपनापास्नं तसाच हायेस.

हितलं सांगते. बुधवारी दूध समदं उतू गेलं. तपकीर आसती तर माझा पदर वढला आसता. भांडं वाजलं, दार वाजलं, कोन हाक मारतंय, समदं तीच येऊन सांगायची. पोस्टमन परवा किती येळ हुबा व्हता कुनाला ठावं, शेवटी पत्र खिडकीतनं आत टाकलं. आता मी दाराकडं त्वांड करूनच बसते. गवार तोडायला रानात गेले तरी सारखं मागं वळून बघते. मान दुखाय लागलीया.

कँपाचा दिस आठवतो. एवढी मोठमोठी मानसं आपापली कुत्री घिऊन लाईनीत, आन तू पांढरा कोट घालून खुर्चीत. मी आमच्या बचत गटाच्या बायांना सांगितलं, ह्यो माझ्या भावाचा ल्योक, डॉक्टर हाय. त्यानला खरं वाटंना. फोटू दावला तवा वाटलं. तुझा बाप बघाय पायजे व्हता.

यायला जमंना तर ऱ्हाऊ दे. दवाखाना सोडून येऊ नगं.

तुझी आत्या

*

बारामती
८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

नमस्कार. या पाकिटात तपकिरीच्या फोटोचे वीस कागद पाठवतोय. खाली माझा नंबर छापलाय. दीपकला सांगून एसटी स्टँडवर, दूध डेअरीत आणि पिठाच्या गिरणीत लाव. बारामतीच्या दवाखान्यांत मी विचारलं, तिच्यासारखी कुणी आली नाही.

नंबराचं तू विचारत नाहीस, पण सांगतो. तो यादीत नोंदलेला आहे, मी पुन्हा पाहिलं.

तरी तू दीपकबरोबर जाऊन ये. माझं ऐक.

मी डॉक्टर नाही, आत्या. हेल्पर आहे. हे मी तुला आधीही सांगितलंय.

अविराज

*

कळस
१७ फेब्रुवारी २०२५

चि. अविराज,

आशीर्वाद. कागद मिळालं, दीपकनं तुझ्या नंबराखाली आपलाबी नंबर लिवून समदं लावलं.

त्याच कागदावरनं एक गंमत झाली. इंदापुरात काय पोरंपोरी हायती, मोकाट कुत्र्यांचं बघत्यात. त्यांनी दीपकच्या मोबाईलवर फोटू धाडला. डाळजच्या हायवेला एका हॉटेलामागं कुत्री घावली म्हनं, फुडचा पाय सुजलेला. त्यांनी इंदापूरला आनून औषधपानी केलं. फोटू बघितला आन माझ्या छातीत धस्स झालं. तोच तपकिरी रंग, डाव्या फुडच्या पायाला पांढरा मोजा, कानाला चीर. दीपक म्हनला, हीच हाय आत्या, चला.

पर मी म्हनलं, आधी त्यानला इचार, मशीन फिरवलं का. दीपकनं फोन केला. त्यांनी सांगितलं, एकदा न्हाय, तीनदा फिरवलं, मानंपास्नं शेपटीपातूर. नंबर न्हाय. म्हंजी आपली न्हवं. माझा जीव भांड्यात पडला बघ, नायतर त्या सुजलेल्या पायाचं बघून मला रात्रभर झोप न्हवती.

दीपक मातूर हट्टाला पेटला, म्हनतो, नुसतं डोळ्यानं बघून यिऊ. मी म्हनलं, दुसऱ्याची कुत्री बघाय जायाचं आन उगा आपली म्हनायचं, ही काय रीत झाली. मशीन चुकत न्हाय. व्हय ना रं? त्यांनी येत्या रविवारपातूर वाट बघायची ठरवलीया, मंग कुनाला पायजे त्याला द्येनार.

आपली तपकीर धडधाकट आसंल कुठंतरी. तुझ्या दान्यानं तेवढा धीर दिलाय.

तुझी आत्या

*

बारामती
२५ फेब्रुवारी २०२५

आत्या,

हे पत्र बसून वाच. दीपकला वाचायला देऊ नकोस, आधी तू वाच.

तपकिरीच्या मानेत चिप नाही. कधीच नव्हती. इंदापूरची कुत्री आपली तपकीरच होती.

कँपाच्या दिवशी झालं ते असं. डॉक्टर बाहेर पाहुण्यांबरोबर होते आणि सुई माझ्या हातात होती. तपकिरीनं ऐन वेळी मान झटकली. सुई बाहेर आली. चिप आत गेली की नाही, मला कळलं नाही. शंका मात्र तेव्हाच आली. चिप बसवली की मशीन फिरवून तपासायचं असतं, हा नियमच आहे. मशीन पलीकडच्या टेबलावर होतं, चार पावलांवर. मी उठलो नाही. तू समोर उभी होतीस. रांगेतल्या बायकांना सांगत होतीस, हा माझा भाचा, डॉक्टर. तुझा मोबाईल कुणाच्या तरी हातात देऊन फोटो काढायला लावत होतीस. आत चिप नाही असं निघालं असतं तर सगळ्यांदेखत पुन्हा टोचावं लागलं असतं. मी नंबराचं स्टिकर कार्डावर चिकटवलं आणि कार्ड तुझ्या हातात दिलं.

संध्याकाळी झाडताना ती टेबलाखाली सापडली. तू तोवर एसटीनं घरी पोचली असशील. दुसऱ्या दिवशी कळसला येऊन दोन मिनिटांत बसवता आली असती. तासाभराचा रस्ता. मी म्हटलं, पुढच्या लसीला आणेल तेव्हा बसवू. मग ती लस तू गावातच टोचून घेतलीस, आणि मी गप्प राहिलो. चिप कागदात बांधून ड्रॉवरमध्ये ठेवली.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मला हे लिहायचं होतं. त्याऐवजी चिपेला बॅटरी नसते वगैरे लिहिलं. ते सगळं खरं होतं. नंबर यादीत आहे, हेही खरं होतं. खरं खरं निवडून मी तुला फसवत होतो. तू फिर, तू शोध, असं सारखं लिहिलं, मला सांगावं लागू नये म्हणून.

आता सगळ्यात वाईट सांगतो. तुझं सतरा तारखेचं पत्र मला वीसला मिळालं. गुरुवार होता. रविवारपर्यंत तीन दिवस हातात होते. तेव्हाच इंदापूरला फोन केला असता तर झालं असतं. पण फोन केला असता तर पहिलाच प्रश्न आला असता, चिप का नाही? मी तुझं पत्र शर्टाच्या खिशात घालून कामावर जात राहिलो. दीपक तिला आणेलच, तुझं न ऐकता जाईल, असं मनाला सांगत राहिलो. सोमवारी सकाळी गेलो.

तिथं अनिता म्हणून एक मुलगी सगळं बघते. तिनं वहीतला फोटो दाखवला. तपकीर. मी कार्ड दाखवलं. ती म्हणाली, "कालच दिली. कालपर्यंत का नाही आलात?" कुणाला दिली, एवढंच मी विचारलं.

तिनं पत्ता दिला. निरवांगीत रामहरी म्हणून आहेत, डाळिंबाची बाग आहे त्यांची. दुपारी पोचलो. तपकीर ओसरीत बसली होती, पायाला पट्टी. त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी छकुली तिला भाकरी भरवत होती. तपकिरीनं मला ओळखलं, शेपटी हलवली, पण उठली नाही.

मी रामहरींना कार्ड दिलं. त्यांनी उलटसुलट पाहिलं.

"नंबर कार्डावर हाय, मंग कुत्रीत का न्हाय?"

मी खिशातून पुडी काढून उघडली. त्यांनी दाणा बोटावर घेऊन पाहिला.

"आन ह्यो तुमच्या खिशात कसा?"

मी सांगितलं. तुला सांगायच्या आधी एका अनोळखी माणसाला सगळं सांगितलं, त्यांच्या बायकोसमोर, त्या लहान मुलीसमोर. ते रागावले नाहीत. त्यांनी दाणा परत माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाले, "तुमच्या आत्याला ह्ये ठावं हाय?"

मी नाही म्हणालो.

"मंग आधी तिला सांगा. ती सोता आली आन कुत्री तिच्याकडं गेली, तर आमी आडवनार न्हाय. तुमच्या हातात मातूर द्येनार न्हाय."

आत्या, तू सांगशील तेव्हा गाडी घेऊन येतो, तुला निरवांगीला नेतो. तू तिथं जाशील आणि ती तुझ्याकडं येईल, एवढीच आशा आहे. माफी मागायला तोंड नाही.

अविराज

*

कळस
११ मार्च २०२५

अविराज,

तुझं पत्र मिळून आठ-धा दिस झालं. लिवायला हात उचलत न्हवता.

पत्र वाचलं आन लगेच दीपककडं गेले. त्याला काय सांगितलं न्हाय, निरवांगीला चल म्हनलं. तुझी गाडी नगं व्हती मला. वाटंनं दीपक काय काय बोलत व्हता, मी मागं बसून त्याची पाठ बघत व्हते. ज्या पोराला मी दोनदा माघारी धाडलं, त्याच्याच गाडीवर.

तपकीर बागंत व्हती. मी बांधावर हुबी ऱ्हायले, हाक मारली न्हाय.  तिनंच वळून बघितलं. लंगडत आली, माझा पदर दातात धरला आन मागं वढाय लागली. मागं रामहरीची बायकू हाक मारत व्हती मला, च्या घ्यायला या म्हनून. त्ये सांगाय आली व्हती ती. दीड महिना घर सोडून ऱ्हायली, पर काम इसरली न्हाय.

छकुली लई रडली. मी तिला म्हनलं, बाई, तू ठिवून घे आसं म्हनायला पायजे मी, पर मला म्हनवत न्हाय. हिच्याबिगर मला कान न्हाईत. पोरीला त्ये काय कळनार. रामहरीनं तिला उचलून आत न्हेलं. मी कुत्री घिऊन निघाले तवा त्या मानसाच्या दाराकडं बघायची लाज वाटली. त्यांनी पाय बरा केला, खाऊ घातलं, आन मी घिऊन आले.

तितनं तसंच इंदापूरला गेलो. अनिताच्या डॉक्टरकडनं नवा दाना बसवून घ्येतला. मी म्हनलं, मशीन फिरवा. फिरवलं. मी म्हनलं, आनिक एकदा. त्यो डॉक्टर हसला. मी आकडं सोताच्या डोळ्यानं वाचलं, एकेक बोट ठिवून. नंबरावर फोन दीपकचा दिलाय.

आता तुझं.

दाना पडला ह्येचा मला राग न्हाय. कुनाच्याबी हातनं पडंल. दुसऱ्या दिशी आला न्हाईस त्येचाबी लई न्हाय. पर मी तुला लिवलं, माझा जीव भांड्यात पडला. त्ये तू वाचलंस आन खिशात घालून हिंडलास. तपकीर तिकडं सुजला पाय घिऊन बसलेली, मी हितं आनंदात. त्या तीन दिसांचं काय करू, सांग. राग म्हनावं तर राग बी न्हाय. माझीच मला लाज वाटती. पांढरा मोजा दिसला, कानाची चीर दिसली, आन मी माझ्या डोळ्यांचं ऐकलं न्हाय, कार्डाचं ऐकलं.

आनिक एक हाय. तू मला सांगितलं व्हतंस, मी डॉक्टर न्हाय, हेल्पर हाय. कँपाच्या आधी एकदा घरी आलास तवा सांगितलंस. मंग पत्रात बी लिवलंस, मी वाचून फुडं गेले. तोंडानं बोललेलं ऐकू आलं न्हाय म्हनायला ह्ये बहिरं कान हायती, पर लिवलेलं तर दिसलं व्हतं. मला डॉक्टर भाचा पायजे व्हता. तुझ्या बापाच्या माघारी आपल्या घरात कायतरी मोठं झालंय, आसं बायांना दावायचं व्हतं. मी तितं फोटू काढत हुबी न्हसते तर तू चार पावलं जाऊन मशीन आनलं आसतंस का, ह्ये मी सारखं मनात घोळवते.

तरीबी मी काय खोटं बोलले न्हवते तुझ्याशी. त्ये तू केलंस.

इतक्यात येऊ नगं.

बनाबाई

*

बारामती
३० मार्च २०२५

ती. आत्या,

तपकीर घरी आली हे वाचून दवाखान्याच्या मागं जाऊन बसलो. तू येऊ नकोस म्हणालीस, येणार नाही. पण झालेलं कळवतो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कँपाची यादी काढली. मग विचारलं, "त्या दिवशी आणखी किती कुत्री तू तपासली नाहीस?" मी म्हणालो, माहीत नाही. खरंच आठवत नव्हतं. दुपारनंतर गर्दी वाढली तेव्हा मी मशीन फिरवणं सोडूनच दिलं होतं, हे तेव्हा माझं मला कळलं. तुझ्यापुरतं एकदाच झालं असं मी धरून चाललो होतो. तसं नव्हतं.

डॉक्टरांनी माझ्या हातातली सुई काढून घेतली. नोकरी ठेवलीय. म्हणाले, यादी घे आणि घरोघर जा. तपकीर सोडून त्रेसष्ट कुत्री होती. दवाखाना सुटल्यावर रोज चार-पाच घरं केली. दारात जाऊन सांगायचं, माझ्याकडून चूक झाली असेल, तपासायचंय. कुणी पाणी दिलं, कुणी दार लावलं. एक बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही डॉक्टर नव्हताच?"

साठ कुत्र्यांच्या मानेत नंबर निघाला. एकात निघाला नाही, त्याला डॉक्टरांनी लगेच बसवली. एक कुत्रं म्हातारं होऊन घरीच मेलं होतं. उरलं एक.

ते सावळाराम म्हणून रिटायर कंडक्टर आहेत, त्यांचं. भुऱ्या नाव होतं. दिवाळीत गेलं, परत आलंच नाही. त्याच्या मानेत मी चिप बसवली होती की नाही, आता कधीच कळणार नाही. मी दारात उभं राहून हे सांगितलं. ते म्हणाले, "मी रोज वाट बघतो फोनची. नंबर आहे ना त्याला." मी म्हणालो, "असेल, नसेल, मला खात्री नाही." त्यांनी मला आत बोलावलं, चहा ठेवला.  निघताना ते म्हणाले, सांगितलंत ते बरं केलंत, आता मी फोनची वाट बघणं सोडतो. आत्या, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दर रविवारी त्यांच्याकडं जातो. दोघं मिळून भुऱ्याला शोधायला फिरतो. 

निरवांगीलाही जाऊन आलो. रामहरींनी बसायला सांगितलं. अनिताकडं पिल्लं आली की छकुलीला एक द्यायचं ठरलंय. छकुलीनं मला विचारलं, तपकीर माझी आठवण काढते का. मी म्हणालो, मला माहीत नाही, आत्याला विचारून सांगतो. म्हणून विचारतो.

तुझा
अविराज

*

कळस
७ एप्रिल २०२५

चि. अविराज,

आशीर्वाद.

छकुलीला सांग, तपकीर भाकरीचा पयला तुकडा आता हातातनंच घेती, थाळीतला खात न्हाय. ती सवय त्या पोरीनंच लावलीया. सुट्टी लागली की पोरीला घिऊन ये म्हनावं रामहरीला, चार दिस ऱ्हाऊ दे.

सावळारामाच्या घरी जायाचं सोडू नगंस. कुत्रं घावो न घावो.

आमच्या गटाच्या बायांनी परवा इचारलं, तुमचा डॉक्टर भाचा कळसात कँप कवा घेनार, आमच्याबी कुत्र्यांना दानं बसवायचं हायती. समद्या माझ्याकडं बघत व्हत्या. मी भाजी निवडत ऱ्हायले. मीच सांगावं म्हनलं व्हतं. पर मीच सांगितलं तर त्ये पुन्यांदा माझंच सांगनं व्हईल, तुझ्याबद्दल, तुझ्या माघारी. एवढी वर्सं तेच केलंय मी.

तवा गटाची बैठक शनिवारी दुपारी देवळात आसती. ये. तू काय हायेस, काय काम करतोस आन त्या दिशी काय झालं, त्ये तुझ्या तोंडानं त्यानला सांग. कोन काय बोलंल त्ये मला ऐकू येनार न्हाय, पर त्यांची त्वांडं मला दिसतील. मी तुझ्या शेजारी बसीन.

तुझी आत्या